आपले मत आमच्यासाठी महत्त्वाचे आहे

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आहे. उद्या मोठं प्रकरण उभं राहिलं तर सगळं तारीखवार लिहिलेलं असावं.

सकाळी मेल आला. आमच्या दुकानाकडून. आमच्या म्हणजे ज्या पाचमजली दुकानाच्या ग्राहक तक्रार विभागात मी उभी हयात काढली, त्या. विषय: अभिनंदन, आपली निवड झाली आहे. खाली लिहिलं होतं, आपले मत आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. रिटायर झाल्यापासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं. दुकानाला सुचायला उशीर झाला, इतकंच.

सर्व्हे सोपा होता. दुकानात किती वेळा जाता, कर्मचारी हसून बोलतात का. मी सविस्तर भरला. 'आणखी काही सांगायचे असल्यास' या चौकोनात तळमजल्याच्या जिन्याच्या कठड्याबद्दल लिहिलं, तो मी नोकरीला लागल्यापासून हलतोय. बक्षीस म्हणून एअर फ्रायर. फुकट. फक्त पाठवणीचा खर्च द्यायचा, त्यासाठी कार्डचा नंबर. तोही भरला. कार्ड चाललं नाही. मुदत गेल्या वर्षीच संपली होती.

मग लक्षात आलं की हे सगळं बनावट आहे. म्हणजे लक्षात आधीच आलं होतं, मी अभ्यासासाठी शेवटपर्यंत गेलो. आणि कार्ड मी मुद्दामच रिन्यू केलं नव्हतं. दूरदृष्टी असावी लागते.

३ फेब्रुवारी

तो मेल पुन्हा काढून नीट तपासला. पाठवणाऱ्याचा पत्ता दुकानाचा नाहीच, अक्षरं आणि आकडे कसेही कोंबलेले. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळतंय, ते शून्यावर यायच्या आत भरा नाहीतर संधी गेली. आम्ही दुकानात गिऱ्हाइकाला कधी घाई केली नाही, गिऱ्हाईक आम्हाला करायचं. खाली खूश गिऱ्हाइकांचे अभिप्राय. त्यात एकही तक्रार नाही. तक्रार विभागात एक आठवडा बसलेल्या माणसालाही हे बघून संशय आला असता. मला तर आलाच.

विभागाचा नियम होता: पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर, लिहिणारा शहाणा असो की वेडा. छापील कार्ड असायचं, 'आपले पत्र मिळाले, दखल घेतली आहे'. त्याखाली मी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहायचो. बूट चावत असेल तर, 'दोन दिवस जाड मोजे घालून पाहावेत'. साहेब म्हणायचे, कशाला वेळ घालवता. पण लोक ते कार्ड घेऊन काउंटरवर यायचे आणि विचारायचे की हे अक्षर कुणाचं.

तर भामट्यांनाही उत्तर लिहिलं. 'आपला मेल बनावट असल्याचे आमच्या लक्षात आले आहे. येथे आपली डाळ शिजणार नाही. पुन्हा पत्रव्यवहार करू नये. कळावे.' हातानं ओळ घातली नाही. भामट्यांना ती मिळणार नाही.

संध्याकाळी दुकानाच्या जुन्या बिलाच्या मागे खरा पत्ता सापडला, बनावट मेल कळवण्यासाठी म्हणून दिलेला. कळवलं. चहाला आधण यायच्या आत उत्तर. 'आपण दाखवलेल्या सतर्कतेबद्दल आभार. आपण दिलेली माहिती आमच्यासाठी मोलाची आहे. आपला दिवस चांगला जावो. सुरक्षा विभाग.'

शेवटची ओळ मी परत परत वाचली. बाकीचं छापील आहे. ही ओळ मात्र कुणीतरी आपल्या मनानं घातली आहे. आमच्या दुकानात अजून चांगली माणसं आहेत.

५ फेब्रुवारी

दोन मेल. एकात ड्रिल मशीन, एकात चाकांची बॅग. दोघांनाही उत्तर. दोन्ही सुरक्षा विभागाला कळवले. दोन्ही वेळा तत्काळ आभार.

जेवायला उशीर झाला. कामामुळे. हे वाक्य किती वर्षांनी लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. दर रविवारी अकराला येतो. तिला सगळं प्रकरण सांगितलं. ती म्हणाली की बाबा, त्यांना रिप्लाय करू नका, लिंक उघडू नका, नुसतं रिपोर्ट करून डिलीट करा. मी म्हटलं, उत्तर न देणं हा उद्धटपणा आहे, मग समोरचा कुणीही असो. ती मधेच काहीतरी घराबद्दल सांगत होती, नवीन घर बघतायत वगैरे. मी उलट्या घड्याळाचं सांगत होतो. मग तिला जावयानं हाक मारली.

एक गोष्ट इथं नोंदवून ठेवतो. ती नवीन घर घेतेय, पण आमच्याकडे राहायला या असं तिनं म्हटलेलं नाही. म्हटलं तरी मी जाणार नाही. माझं इथं सगळं आहे. नकार कसा द्यायचा तेही ठरवलंय, ती दुखावणार नाही अशा बेतानं. फक्त तिनं विचारायला हवं.

११ फेब्रुवारी

मेल वाढले. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर रांगच लागलेली. एअर फ्रायर, मिक्सर, फोन, पुन्हा एअर फ्रायर. मी उत्तरं देऊ लागल्यापासून ही वाढ झाली आहे. उघड आहे. शत्रू बिथरला आहे.

१६ फेब्रुवारी

समोरच्या दारातली नर्सबाई जिन्यात भेटली. ड्यूटीवरून येत होती. तिला प्रगती सांगितली. ती म्हणाली, काका, तुम्ही उत्तर देता म्हणूनच ते येतात. उत्तर गेलं की त्यांना कळतं, या पत्त्यावर माणूस जिवंत आहे. मी म्हटलं, मग कळू दे की. कुणाला तरी कळायला हवं.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग जेवलात का विचारलं. विषय बदलायची ही जुनी युक्ती आहे. माझ्या मुलीनं हिला स्वतःचा नंबर देऊन ठेवलाय, मला काही झालं तर कळवायला म्हणून. मला काय होणार आहे.

१९ फेब्रुवारी

ठरलं. जनजागृती सभा. रविवारी सकाळी अकरा वाजता, इमारतीच्या तळमजल्यावर. विषय: बनावट सर्व्हे ओळखा आणि कळवा. वक्ता मी. पोस्टर लिहिलं, लिफ्टमध्ये लावलं. अक्षर अजून तेच आहे.

सुरक्षा विभागालाही निमंत्रण धाडलं. लगेच उत्तर, माहिती मोलाची आहे. येतील असं दिसतं. त्यांच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवायची.

२२ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. उपस्थिती: रखवालदार (त्याची खुर्ची तिथंच असते), खालच्या मजल्यावरच्या आजी, आणि नर्सबाई. नर्सबाई थेट ड्यूटीवरून आली आणि उलट्या घड्याळाच्या मुद्द्यावर तिला झोप लागली. सुरक्षा विभागाची खुर्ची रिकामी राहिली. कामाचा ताण असणार, तोही माझ्याच रिपोर्टांमुळे.

मी मोठ्या कागदावर बनावट मेल काढून दाखवला. पत्ता, घाई, फुकटची वस्तू, पाठवणीचा खर्च, सगळं लाल पेननं गोल केलेलं. प्रश्नोत्तरांत आजींनी विचारलं की एअर फ्रायर केवढा असतो. मी म्हटलं, नसतोच. त्या म्हणाल्या, लहान असला तरी चालेल. रखवालदारानं लिंक मागितली. एकंदरीत लोकांत उत्सुकता आहे.

वर आलो तर मुलीचा मिस्ड कॉल. अकराची वेळ तिला माहीत होती, सभेची नव्हती. मी उलट फोन केला नाही. फोन तिनं करायचा, अशी पद्धत पडून गेली आहे. मोडली तर तिला वाटेल मी वाट बघत होतो.

२५ फेब्रुवारी

हाताचं काम आता आवाक्याबाहेर गेलं. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. माझ्याच वयाचा असेल, गुडघा धरून जिना चढतो. त्याला म्हटलं, प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे, पण मला सवड नाही. तो म्हणाला, सोपं आहे. मेल आला की आपोआप तुमची नोटीस जाईल आणि मेल 'बनावट' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडेल. माझी ती डाळ न शिजणारी नोटीस त्यानं आत घातली. खाली स्वतःची काही ओळ टाकायची का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको.

मग म्हणाला की तुमच्या माणसांचे पत्ते द्या, त्यांना नोटीस जायला नको. मी विचार केला. माझी माणसं फोन करतात. म्हणजे माणूस, एकच, आणि तीही रविवारी. हिच्या, म्हणजे बायकोच्या, बहिणीला मेल म्हणजे काय ते ठाऊक नाही. ऑफिसातले निम्मे वर गेले, उरलेले नातवंडांत रमले. शेवटी एकच पत्ता दिला. सुरक्षा विभागाचा.

तो म्हणाला, बस, एवढाच? मी म्हटलं, एक असला तरी पक्का आहे.

२७ फेब्रुवारी

यंत्रणा सुरू. सगळ्यांना नोटिसा जातायत. मला काहीच करावं लागत नाही. जेवण वेळेवर झालं. दुपारी काय करावं ते कळेना, म्हणून चहाचे डबे पुसले.

संध्याकाळी सुरक्षा विभागाला जरा मोठं पत्र लिहिलं. मी कोण, कुठल्या टेबलावर बसायचो, खिडकी कुठल्या बाजूला होती, उन्हाळ्यात फायली कशा तापायच्या. कठड्याचीही आठवण करून दिली. लगेच आभार आले. एवढं मोठं पत्र इतक्या लवकर वाचणं सोपं नाही.

१ मार्च, रविवार

मुलीचा फोन. तिला नव्या यंत्रणेबद्दल सांगत होतो. ती म्हणाली, बाबा, मला दोन मिनिटं बोलू द्या. मी दिली. फक्त मधे एक मुद्दा राहिला होता तो सांगितला. ती हसली, किंवा तसा काहीतरी आवाज आला, आणि म्हणाली की आता मी लिहूनच पाठवते, लिहिलेलं तरी तुम्ही पूर्ण वाचता. मी म्हटलं, अवश्य लिही, त्याच दिवशी उत्तर मिळेल.

बहुतेक विचारणार. नकाराचा मजकूर पुन्हा एकदा डोक्यात नीट मांडला. आधी थोडे आढेवेढे. मग, बघू म्हणायचं. मग तिनं फारच आग्रह केला तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

३ मार्च

मुलीचं पत्र नाही. तिचा ऑफिसचा पत्ता मला ठाऊक आहे, तिकडून काही नाही. कामात असेल.

'बनावट' फोल्डरवरून वरवर नजर टाकली. उघडायचं नाही, नुसते विषय वाचायचे, हा माझाच नियम. भामटे फार पुढे गेलेत. एक विषय असा: बाबा, वाचा आणि शुक्रवारपर्यंत कळवा, बक्षीस आहे. घाई आली, बक्षीस आलं आणि वर खोटी जवळीक. पत्ता 'नवंघर' आणि पुढे चार आकडे. म्हणजे या टोळीनं घरांच्या धंद्यातही हात घातलाय. आकडे कुठंतरी पाहिल्यासारखे वाटले, पण भामट्यांचे आकडे सारखेच असतात.

परक्या माणसाला बाबा म्हणायला यांची जीभ रेटते कशी. मन घट्ट केलं आणि न उघडता सुरक्षा विभागाला कळवून टाकलं. आभार आले.

६ मार्च, शुक्रवार

तीच टोळी. विषय: बाबा, हे उत्तर खरंच तुम्ही पाठवलंत का? आता चौकशीचं सोंग. आपल्याला वाईट वाटावं आणि आपण उघडावं, हा डाव. यंत्रणेनं नोटीस पाठवलेली आहेच. मीही कळवलं.

मुलीचं पत्र अजून नाही. लिहिते म्हणाली होती. लहानपणी सहलीला गेली की दुसऱ्या दिवशी पत्र यायचं, त्यात निम्मी जागा कुत्र्याच्या चित्राची असायची.

८ मार्च, रविवार

फोन आला नाही. अकरापासून दीडपर्यंत फोनजवळ होतो. कपड्यांच्या घड्या तिथंच घालायच्या होत्या. कपडे फार नव्हते, म्हणून काही परत उलगडले.

निश्चय: आपण होऊन फोन करायचा नाही. बाईसाहेबांना नवीन घराचे पडदे निवडायचे असतील.

१० मार्च

ही गेली त्याला आज दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी मुलगी येऊन राहिली होती. आज फोनही नाही. हिची खुर्ची खिडकीशी आहे तिथं मी बसत नाही, पण आज बसलो. तिथून बसस्टॉप दिसतो. ही तिथं बसून काय बघायची ते मी कधी विचारलं नव्हतं. लोक उतरताना बघायची असणार.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सुरक्षा विभागाला लिहिलं. लिहिलं की आज माझी पत्नी जाऊन दोन वर्षं झाली, तिला तुमच्या दुकानातले तिसऱ्या मजल्यावरचे परदेशी कप आवडायचे, पण आम्ही ते कधी घेतले नाहीत, कर्मचाऱ्यांना सवलत होती तरी.

उत्तर आलं. आपण दिलेली माहिती आमच्यासाठी मोलाची आहे. आपला दिवस चांगला जावो.

आज ती ओळ आवडली नाही. पण कामाच्या गडबडीत तारीख कुणाच्या लक्षात राहते. मी काही मनावर घेतलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

भामट्यांनी आता फोन केला. अनोळखी नंबर. हुबेहूब जावयाचा आवाज. म्हणाला, बाबा, तुम्ही तिला असं कसं लिहिलंत. मी लगेच ओळखलं. आवाजाची नक्कल करून नातेवाइकांच्या नावानं फोन करतात, हे मी परवाच वाचलंय. म्हटलं, जावई असाल तर सांगा, लहानपणी तुमच्या बायकोच्या नाकात काय अडकलं होतं? प्रश्न सोडून तो म्हणाला, बाबा, ती चार दिवस धड जेवली नाहीये, मी तिच्या नकळत ऑफिसच्या फोनवरून बोलतोय. मी म्हटलं, शेंगदाणा. खऱ्या जावयाला माहीत असतं. आणि फोन ठेवला.

आवाज शेवटी अगदी थकल्यासारखा झाला होता. चांगला कलाकार आहे.

सुरक्षा विभागाला कळवलं. फोन परत आला तर आणखी एक प्रश्न तयार ठेवलाय. आला नाही.

१५ मार्च, रविवार

अकरा वाजून गेले. फोन नाही. दुपारी सुरक्षा विभागाला लिहायला बसलो. काय लिहावं सुचेना. शर्टाची बाही कुठल्यातरी बटणावर टेकली आणि कोराच मेल गेला.

उत्तर आलं. आपण दिलेली माहिती आमच्यासाठी मोलाची आहे.

मी कसलीच माहिती दिली नव्हती. मग सगळी जुनी उत्तरं काढून एकाखाली एक वाचली. सभेच्या निमंत्रणाचं, तापलेल्या फायलींचं, हिच्या कपांचं. एका अक्षराचाही फरक नाही. आपला दिवस चांगला जावो, ही ओळ सगळ्यांत आहे.

छापील कार्डच ते. खालची ओळसुद्धा छापील. छापील कार्डं मी हजारो पाठवली आहेत आणि मलाच ओळखता आलं नाही.

तरी माझ्या मते मागे कुणीतरी माणूस असणार. एखादा तरी. चहाला गेला असेल.

१७ मार्च

दुपारी नर्सबाई आली. युनिफॉर्ममध्येच, चपला न काढता आत. म्हणाली, तुमच्या मुलीचा फोन आला होता, रडत होती. तुम्ही बरे आहात ना ते बघून या म्हणाली. काका, तुम्ही तिला लिहिलंत की पुन्हा पत्रव्यवहार करू नये?

मी म्हटलं, मी तिला काहीही लिहिलेलं नाही. हे खरं आहे. मी तिला काहीच लिहिलेलं नाही.

नर्सबाईनं कॉम्प्युटर उघडला, 'बनावट' फोल्डर उघडला. मी म्हटलं, उघडू नका, तो नियम आहे. तिनं उघडलं. 'नवंघर'चे तीन मेल होते. तिनं ते वाचले, यंत्रणा बंद केली, माझ्यासाठी चहा ठेवला आणि निघून गेली. चहात साखर घालायची राहिली होती. तसाच प्यायलो.

१८ मार्च

पहिला मेल इथं उतरवून ठेवतो.

'बाबा, फोनवर तुम्ही बोलू देत नाही म्हणून लिहितेय. ऑफिसच्या पत्त्यावरून घरचं लिहायला नको, म्हणून हा नवीन पत्ता काढला. दोन घरं पसंत पडलीत. एक लहान आहे, दुसऱ्यात खाली एक जास्तीची खोली आहे. तुम्हाला सर्व्हे भरायला आवडतात, म्हणून हा खास तुमच्यासाठी.
१. आमच्याकडे कायमचे राहायला याल का? (हो / नाही / आधी आग्रह करा)
२. खोलीत ऊन सकाळचं हवं की संध्याकाळचं?
३. आईची खुर्ची आणणार ना?
४. सकाळचा चहा कोण करणार?
५. आणखी काही सांगायचे असल्यास.
शुक्रवारपर्यंत कळवा, घरमालक त्यापुढे थांबणार नाही. सर्व्हे भरणाऱ्यास बक्षीस: एक खोली. पाठवणीचा खर्च नाही. बाबा, तुमचं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.'

त्याला माझं उत्तर गेलं: आपला मेल बनावट असल्याचे आमच्या लक्षात आले आहे. येथे आपली डाळ शिजणार नाही. पुन्हा पत्रव्यवहार करू नये. कळावे.

दुसरा मेल: 'बाबा, हे उत्तर खरंच तुम्ही पाठवलंत का? माझं काही चुकलं का?' त्यालाही तेच उत्तर गेलं.

तिसरा आठ तारखेचा. रविवारचा. मी घड्या घालत होतो तेव्हाचा. 'ठीक आहे. मग आम्ही लहान घर घेतो. नुसतं नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं.' त्यालाही.

पत्त्यातले चार आकडे आपल्या जुन्या फोनचे शेवटचे चार आहेत. ती शाळेत जायला लागली तेव्हा हिनं तिच्याकडून पाठ करून घेतले होते, हरवलीस तर सांग म्हणून.

उभ्या हयातीत हाताची ओळ न घालता मी कुणा भल्या माणसाला कार्ड पाठवलं नाही. पाठवलं ते मुलीला. तीन वेळा. ती यंत्राचं कार्ड माझं समजून रडली, मी यंत्राचं कार्ड माणसाचं समजून खूश होत होतो. फार वाईट वाटतंय. दुसरं काही लिहिता येत नाही.

१९ मार्च

सर्व्हे भरला. १. हो. २. कुठलंही. ३. हो. ४. मी. पाचव्या चौकोनात बरंच लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. यंत्रणेचा खुलासा, कॉम्प्युटरवाल्याचा निष्काळजीपणा, माझी एकूण भूमिका. सगळं खोडलं. शेवटी एकच ओळ ठेवली. काय ते इथं लिहीत नाही, ती तिची आहे.

मुदत संपलेला सर्व्हे. तरी पाठवला.

मग जबाबदारी म्हणून सुरक्षा विभागाला कळवलं की 'नवंघर' या पत्त्याविरुद्धची माझी तक्रार मागे घेत आहे, ती माझी मुलगी आहे. आमच्याकडे तक्रार मागे घेतली की कार्डावर लाल रेघ मारायचो. त्यांचं उत्तर आलं. आपण दाखवलेल्या सतर्कतेबद्दल आभार.

२० मार्च

सकाळी एक मेल. अभिनंदन, आपली निवड झाली आहे. कळवला आणि पुसून टाकला. उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक पत्र अनुत्तरित ठेवलं. हात शिवशिवत होते, म्हणून चहाचे डबे पुन्हा पुसले.

मुलीचं उत्तर नाही. आपण होऊन फोन करायचा निश्चय केला. तीनदा नंबर लावला, वाजायच्या आत ठेवला. उद्या नक्की.

२१ मार्च

उद्या.

२२ मार्च, रविवार

अकरा वाजता फोन आला. मी ठरवलं होतं की आधी तिला बोलू द्यायचं. दिलं. ती म्हणाली की बाबा, पाचवी ओळ वाचली. मग दोघंही नाक ओढत होतो. मी म्हटलं, तुझ्या नाकात लहानपणी शेंगदाणा अडकला होता, जावयाला सांगून ठेव. ती म्हणाली, शेंगदाणा नव्हता, वाटाणा होता.

खोलीचं घर गेलं. लहान घराचे कागद झाले, परवा सामान हलणार. जास्तीची खोली नाही. हॉलमध्ये सोफा आहे, तो उघडतो. ती म्हणाली, कायमचं नाही जमणार बाबा आता, पण महिनाभर येऊन राहाल का? आढेवेढे, बघू, सगळा मजकूर तयार होता. माझ्या तोंडून हो गेलं, तिचं वाक्य संपायच्या आत.

मग सोफ्याची लांबी विचारली. तिनं जावयाला टेप घेऊन मोजायला लावलं. माझ्यापेक्षा चार बोटं कमी आहे. मी म्हटलं, काही अडचण नाही, मी तसाही पाय दुमडूनच झोपतो.

मी पाय लांब करून झोपतो. ही रोजनिशी आहे म्हणून खरं लिहिलं.

दुपारी पाय दुमडून पडून पाहिलं. थोडे दुखतात. जमेल.